तीन पायऱ्यांचा उतार

खामगावसारख्या कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठेत जुन्या पेढीचे जोते मुद्दाम उंच घेतलेले आढळते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी मालापर्यंत पोहोचू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे दुकान, मागे घर आणि अंगणातून घरात चढणाऱ्या तीन दगडी पायऱ्या. अशाच एका आडत्याच्या घरी मोती नावाच्या गावठी कुत्र्याची 11 वर्षे गेली. भर पावसात ओट्याच्या कडेला आलेले ते पिल्लू कोणी पाळले असे नव्हते. ते राहिले, एवढेच.

पहिली खूण हिवाळ्यात दिसली. सकाळी उठताना मोतीचे मागचे पाय आखडत. थोडे चालल्यावर तो मोकळा होई, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे तो पहिल्या पायरीपाशी थबकू लागला, एकच गुडघा सारखा चाटू लागला आणि अखेर रात्री अंगणातच बसून राहू लागला. कुत्रा दुखणे सहसा बोलून दाखवत नाही; विव्हळत नाही म्हणजे त्याला वेदना नाही, असा अर्थ काढता येत नाही.

पशुवैद्यकांनी सांधे वाकवून पाहिले आणि संधिवाताचे निदान केले. हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजली, की सांधा सुजतो व दुखतो. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, परंतु दुखणे आटोक्यात ठेवता येते. मोतीचे वजन 26 किलो होते, ते 21 किलोपर्यंत उतरावे, असे त्यांनी सुचविले. तुपात भिजवलेल्या पोळ्यांनी दिलेली माया त्याच्या गुडघ्यांवर साचली होती. माणसांच्या दुखण्यावरील गोळ्या घरच्या डब्यातून काढून देऊ नका, असेही त्यांनी बजावले. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शेवटची सूचना साधी होती. पायऱ्या बंद करा, उतार करून द्या.

एका पाहुण्यांनी पांजरपोळाचा मार्ग सुचविला. त्यावर वृद्ध शेठजी शांतपणे म्हणाले, “पांजरपोळ निराधारांसाठी आहे. हा निराधार केव्हा झाला?” विषय तिथेच मिटला.

उतार कोणता, हा प्रश्न मात्र उरला. सूनबाईंनी मोबाईलवर ॲल्युमिनियमची घडीची पाटी शोधली. ती हलकी होती, पण मोटारीत चढण्यासाठी बनविलेली. शिवाय विदर्भातील वैशाखाचे ऊन धातूवर पडले, तर पंजे पोळणार. मुलाने गवंडी बोलावून पक्का उतार बांधण्याचा विचार मांडला. परंतु मोती त्यावर चढेल की नाही हे कळण्याआधीच सिमेंट ओतणे व्यापारी बुद्धीला पटेना. अखेर सुताराला बोलावून लाकडी उतार करावयाचे ठरले. वखारीत 4 फुटांची जाड फळी तयारच होती. ती पायऱ्यांना टेकवली जात असता, जुना हमाल पोते खाली ठेवून म्हणाला, “शेठजी, एवढ्या फळीवर मोती काय, मीबी चढनार नाई. वझं जड असलं म्हंजे फळी लांब पायजे.”

हिशेब त्याच्या बाजूने होता. 8 इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे 24 इंच उंची. तिला 4 फुटांची फळी टेकवली तर चढ 30 अंशांचा होतो; 6 फुटांची असेल तर सुमारे साडेएकोणीस अंशांचा आणि 8 फुटांची असेल तर सुमारे साडेचौदा अंशांचा. दुखऱ्या सांध्यांच्या कुत्र्यासाठी उतार 20 अंशांच्या आत आणि जमेल तितका सौम्य असावा. चढताना मागच्या पायांवर भार येतो, तर उतरताना पुढच्या. उभा चढ दोन्ही वेळा त्रास देतो. म्हणून भिंतीलगत 8 फुटांचा उतार घेतला. रुंदी दीड फूट ठेवली आणि दोन्ही कडांना पाय घसरू नये म्हणून पट्ट्या मारल्या. मध्ये फळी लवू नये म्हणून खाली आधार दिला, कारण हलणाऱ्या फळीवर जनावराचा विश्वास बसत नाही. पाय ओढत चालणारा पंजा अडखळू नये म्हणून आडव्या पट्ट्या टाळल्या आणि त्याऐवजी काथ्याची चटई घट्ट ठोकून बसविली. सूनबाईंनी कडा पिवळ्या रंगविल्या. कुत्र्याला पिवळा व निळा हे रंग इतरांहून चांगले ओळखू येतात.

तयार उतारावर मोतीला लगेच चढविले नाही. पहिले काही दिवस फळी अंगणात सपाट ठेवली. मग एका पायरीएवढी उचलली आणि त्यानंतर पूर्ण. पट्ट्याला धरून ओढायचे नाही, एवढा एकच नियम होता.

प्रतिक्रमणात अहिंसाव्रताचे पाच अतिचार म्हटले जातात. प्राण्याला जखडून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर पेलणार नाही इतका भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे. चौथा अतिचार ऐकताना शेठजींच्या डोळ्यांसमोर आजवर बैल आणि घोडा येत असे. आता त्यांना जाणवले, की सांधे झिजलेल्या जिवाला त्याचे स्वतःचे शरीरही अतिभारच असते.

ही जाणीव मोतीपाशी थांबली नाही. उताराचे गणित ज्याने सांगितले, त्या हमालाला ते कुठून ठाऊक होते? 50 किलोचे पोते पाठीवर घेऊन तो वर्षानुवर्षे आखूड फळीवरून ट्रकमध्ये चढत आला होता आणि हल्ली उतरताना गुडघ्यावर हात टेकवीत होता. सर्वांच्या डोळ्यांदेखत हे चालले होते. कुत्र्याच्या पायासाठी घरात चार दिवस खल झाला. याच्या गुडघ्याची चौकशी कोणी केली नव्हती. शेठजींनी त्याला पहिल्यांदाच विचारले, “किती दिवसांपासून दुखते?” तो हसून म्हणाला, “इचारलं कोनं?”

त्या हंगामात पेढीवर ट्रकसाठी लांब, आधाराची फळी आली, आतील वाहतुकीसाठी दोन चाकांची ढकलगाडी आली, आणि हमालाच्या गुडघ्याची तपासणी पेढीच्या खर्चाने झाली. खर्च वहीत कोणत्या खात्यावर टाकावा, असे मुनीमजींनी विचारले. जीवदया खात्यावर नको, असे शेठजींनी सांगितले. तो मजुरी खात्यावर लिहिला गेला. दया म्हणून जे द्यावे लागले असते, ते देणे म्हणून चुकते झाले.