पायाने द्यायचं देणं

आपल्याकडे पायाला मोठा मान, पण तो दुसऱ्याच्या पायाला. वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं, देवाच्या पादुकांना फूल वाहायचं, गौरी येतात तेव्हा उंबरठ्यापासून त्यांची पावलं काढायची. स्वतःचा पाय मात्र आवरून ठेवायचा. पुस्तकाला लागला की पुस्तक कपाळाला, माणसाला लागला की त्याला स्पर्श करून हात छातीशी, केरसुणीला लागला तरी नमस्कार. मी कधी पाट पायाने सरकवला तर आजी विचारायची, "हात मोडले का गं?" अशा घरात वाढलेल्या बाईला पन्नाशीच्या तोंडावर नेमका तो खेळ आवडावा, ज्यात जोडीदाराला जे द्यायचं ते पायानेच आणि हात लागला तर गुण समोरच्यांना!

या खेळाचं नाव फुटबॅग. मुठीत मावणारी, दाणे भरलेली पिशवी गुडघ्याखालच्या पायाने हवेत ठेवायची, एवढंच त्याचं मूळ. बरेच लोक त्याला हॅकी सॅक म्हणतात, पण ते एका ब्रँडचं नाव. पाचसहा जण कोंडाळं करून पिशवी उडवत उभे आहेत, हे दृश्य अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या हिरवळीवर पूर्वी हमखास दिसायचं. मला सांगायचं आहे ते त्या कोंडाळ्याबद्दल नाही, त्याच पिशवीने जाळीवरून खेळायच्या खेळाबद्दल. तो फार थोड्यांना माहीत आहे, आणि माझ्या मते तोच जास्त गोड आहे.

आम्ही राहतो पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनमध्ये. इथून गाडीने अर्ध्या तासावर, विलामेट नदी जिथे धबधब्यातून कोसळते तिथे, ओरेगन सिटी नावाचं जुनं गाव आहे. पिशवीचं माहेर तेच. 1972 साली तिथे माइक मार्शल या तरुणाने स्वतः शिवलेली एक छोटी पिशवी जॉन स्टॉलबर्गरला उडवून दाखवली. स्टॉलबर्गरच्या गुडघ्याला दुखापत झालेली, पायाला व्यायाम हवा होता. दोघं मिळून पिशवी उडवू लागले. गुडघा बरा झाला, नाद राहिला. कापड जाऊन चामडं आलं, शिवण बदलली, आकार बदलला. 1975 मध्ये मार्शल हृदयविकाराने गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. स्टॉलबर्गरने पिशवी पुढे नेली, 1979 मध्ये तिचं पेटंट मिळवलं, आणि काही वर्षांनी फ्रिस्बी विकणाऱ्या व्हॅम-ओकडे तिचे हक्क गेले. मग ती शाळाशाळांच्या आवारात पोचली. जगभर लाखोंनी विकलेल्या या वस्तूची सुरुवात एका दुखऱ्या गुडघ्याच्या सोबतीतून झाली, हे कळल्यापासून माझ्या गुडघ्यांनी कुरकुर जरा कमी केली आहे.

जाळीच्या खेळासाठी मैदान लागतं चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, मध्ये पाच फूट उंचीची जाळी. आकडे ओळखीचे वाटले असतील, तर बरोबर आहे. बॅडमिंटनच्या दुहेरीचंच हे कोर्ट. आणि बॅडमिंटन तर आपल्या पुण्याचं: 1870 च्या दशकात तिथल्या गोऱ्या साहेबांनी त्याचे सुरुवातीचे नियम लिहिले, आणि काही काळ तो खेळ 'पूना' याच नावाने ओळखला जायचा. म्हणजे पुण्यात आखलेल्या रेषा आणि ओरेगनमध्ये शिवलेली पिशवी. मी हे आमच्या शेजाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते ओरेगन सिटीत वाढलेले, शाळेपासून पिशवी उडवणारे. "मग तू निम्मी यजमान आहेस, जाळी तू लाव," म्हणाले.

आम्ही चौघं. हे शेजारी, त्यांची बायको नव्हे तर मेहुणी, सांगलीचा एक मुलगा (चाळिशीचा आहे, पण मला ताई म्हणतो म्हणून मुलगाच) आणि मी. कधी कधी सांगलीकराच्या ऑफिसातली एक व्हिएतनामी मैत्रीण येते, तेव्हा मेहुणी खुशाल घडीच्या खुर्चीत जाऊन बसते. बागेतल्या गवतावर दुकानातली घडीची बॅडमिंटनची जाळी लावायची, दोरीने हद्द आखायची. जून-जुलैत इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणं उरकूनही खेळता येतं. ऑक्टोबरात रिपरिप सुरू झाली की संपलं. भिजलेली पिशवी लाडवासारखी जड होते.

खेळ असा: सर्व्हिस करणारा पिशवी हातातून सोडतो आणि ती पडता पडता पायाने तिरकी, पलीकडच्या चौकोनात पाठवतो. हाताचं काम तेवढंच. त्यानंतर दोन्ही हात तोल सांभाळायला. एकेरीत प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त दोन लाथा, दुहेरीत तीन. गुडघा, मांडी, पोट, खांदा, काहीही लागलं की गुण गेला. पिशवीला टप्पा नसतो. जिथे पडते तिथेच ती बसते, त्यामुळे आत की बाहेर या वादाला आमच्याकडे आयुष्य कमी. आम्ही अकरापर्यंत खेळतो, दोनच्या फरकाने.

पण खेळाचा जीव आहे तो दुहेरीतल्या एका अटीत. सलग दोनदा एकाच माणसाने मारायचं नाही, आलटूनपालटून मारायचं. समोरून पिशवी आली, मी घेतली, आता ती जोडीदाराला द्यायलाच हवी. तो ती जाळीजवळ, माझ्या सोयीच्या उंचीवर उभी करून ठेवणार, आणि तिसरी लाथ पुन्हा माझी. तीन लाथांमधल्या पहिल्या दोन अशा देण्यात जातात. जोडीदाराला उजव्या पायाने मारायला आवडतं की डाव्या, तो पुढे येतोय की मागे हटतोय, हे एका क्षणात पाहायचं आणि त्या बेताने पायाने पिशवी अलगद चढवायची. चढवलेली पिशवी नीट असेल तर शेवटची लाथ कुणीही मारेल. वाईट चढवली तर नामांकित खेळाडूही काही करू शकत नाही. आमच्यात टाळ्या मधल्या लाथेला पडतात, आणि ते योग्यच आहे.

मुख्य लाथ पायाच्या आतल्या बाजूची. दुसऱ्या पायाचा गुडघा किंचित वाकवायचा, मारायचा पाय उचलायचा, घोटा असा वळवायचा की पाऊल आडवं होऊन आतली कड आभाळाकडे होईल. पिशवी कमरेच्या खूप खाली, जवळजवळ गुडघ्याच्या पातळीला येऊ द्यायची. घाई केली की ती पुढे पळते. जमिनीवर मांडी घालायची सवय असलेल्यांना हे लवकर येतं. नीट पाहिलं तर ही उभ्याने घातलेली अर्धी मांडीच आहे. खुर्चीत जन्म गेलेली मेहुणी आधी नुसती कमरेतून वाकायची. बाहेरच्या बाजूची लाथ म्हणजे पाय अंगापासून दूर, बाजूला उचलून करंगळीच्या कडेने दिलेला टोला. ती अंगाच्या बाजूला पडणारी पिशवी वाचवायला. लांब पडणाऱ्या पिशवीला चवडा. या तीन आल्या की मित्रांत खेळायला पुरे. उड्या मारून जाळीवर पाय नेणारे खेळाडू आहेत, त्यांचं पाहावं आणि आपलं खेळावं. फक्त डावा पाय आळशी ठेवू नका. आपल्याकडे डाव्याला कमी लेखतात, इथे समोरचा नेमकी तिकडेच मारतो.

बूट सपाट तळाचे, रुंद पंजाचे असावेत. पिशवी विकत मिळते: जाळीच्या खेळासाठी जरा कडक, कोंडाळ्यासाठी मऊ. ग्वाटेमालातल्या बायकांनी विणलेल्या रंगीत पिशव्या दिसायला फार सुंदर, पण त्या कोंडाळ्यासाठी ठीक, जाळीवरून जोरात जात नाहीत. घरी करायची तर जुन्या मोज्याच्या टोकात तांदूळ भरून गाठ मारा, असं सगळे सांगतात. माझा हात तिथे अडला. अन्नाला पाय लावायचा? आपल्याकडे तांदळाला पाय लावायची मुभा एकदाच, नव्या नवरीला, उंबरठ्यावरचं माप लवंडताना. मी बाहुल्यांमध्ये भरतात तसले प्लॅस्टिकचे दाणे आणले. सांगलीकर म्हणाला, "ताई, कोण बघतंय इथे?" मी म्हटलं, "मी बघतेय की." तो हसला, पण दाण्यांचे पैसे त्यानेच दिले.

त्याचीही खोड होतीच. पिशवी कुणाच्या अंगावर गेली की तो 'सॉरी' म्हणायचा, आणि हात नकळत छातीशी. मी तर दोन्ही करायचे. शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात हे बंद पाडलं. जुन्या पिशवीवाल्यांत माफी मागायची नाही, असा अलिखित कायदा आहे. कारण सरळ आहे: पायाने दिलेलं दहादा चुकतं, प्रत्येक वेळी माफी मागत बसलं तर खेळायचं कधी? आणि माफी मागणाऱ्याचं लक्ष स्वतःकडे जातं, पिशवीकडे राहत नाही. सोडताना जड गेलं. पण पाय लागला म्हणून नमस्कार न करता, नुसतं हसून पुढची सर्व्हिस घेणं, यातही एक आदर आहे, हे मी या गवतावर शिकले.

एकट्याने उडवणाऱ्यांचा विक्रमही जाता जाता सांगते. 1997 मध्ये टेड मार्टिन यांनी इलिनॉयमध्ये पिशवी खाली न पाडता सलग 63,326 लाथा मारल्या, जवळजवळ नऊ तास. थोर आहे. पण ती पिशवी नऊ तास त्यांच्याकडेच होती, हे काही मला पटत नाही.

व्हिएतनामी मैत्रीण मात्र आमच्या सगळ्या तंत्राकडे जरा वरूनच बघते. तिच्या देशात पिसांचं फूल पायाने उडवायचा खेळ गल्लोगल्ली चालतो, जाळीवरूनही. म्यानमारमध्ये वेताचा चेंडू पायाने फिरवत नुसतं सुंदर खेळायचं, हरणं-जिंकणं नाही. मलेशिया-थायलंडकडे तसाच चेंडू जाळीवरून मारतात. त्या सेपाक टकराचं कोर्टही जवळपास बॅडमिंटनचंच आणि जाळीही पाच फुटांच्या आसपास. 1990 पासून तो आशियाई स्पर्धांत आहे, 2018 मध्ये पालेम्बांगला भारताच्या पुरुषांनी त्यात कांस्यपदक मिळवलं. ओरेगनच्या दोन तरुणांनी नवं काही शोधलं असं तिला मुळीच वाटत नाही. शेजाऱ्यांना वाटतं. हा वाद आमच्याकडे प्रत्येक उन्हाळ्यात होतो आणि तो मिटू नये अशीच माझी इच्छा आहे.

तुमच्या सोसायटीत बॅडमिंटनचं कोर्ट असेल तर काहीच नवं आणायला नको. जाळी तीच, रेषा त्याच, लागते ती एक पिशवी. चौथा माणूस मिळाला नाही, तर रॅकेट मांडीवर घेऊन आपल्या पाळीची वाट बघत बाकावर कुणीतरी बसलेलं असतंच. त्यांना विचारा.