चिखल पाहायला

डोंबिवलीत पस्तीस पावसाळे काढलेल्या माणसाला चिखल पाहायला परदेशी जावं लागेल, असं भविष्य कुणी वर्तवलं असतं तर मी त्याला दक्षिणा दिली नसती. पण आमचे चिरंजीव निनाद हे लॅटव्हिया देशात, रीगा नावाच्या शहरी, इंजिनिअरिंग शिकतात. सप्टेंबरात त्यांना चार दिवस भेटायला गेलो. (सौ.ला शाळेतून रजा मिळाली नाही, म्हणून तिचे लाडू गेले.) तिसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले,

"बाबा, उद्या नॅशनल पार्कमध्ये हायकिंगला जाऊ. लोकलनं जाता येतं."

राष्ट्रीय उद्यान आणि तेही लोकलनं, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर बोरिवली. "वाघ आहेत का?" मी विचारलं.

"नाही. दलदल आहे."

"आणि?"

"दलदलच आहे."

त्याचा चेहरा जरा ओढलेला वाटला. पण होस्टेलच्या जेवणावर तो चेहरा मी जमा केला आणि झोपलो.

सकाळी तुकुम्सकडे जाणारी गाडी पकडली. डब्यात आम्ही दोघे आणि सायकल घेतलेली एक आजी. बसायला इतकी जागा होती की कुठं बसावं हेच कळेना. प्रत्येक स्टेशनाआधी एक बाई मंजुळ आवाजात "नाकामा पिएतुरा" असं म्हणून स्टेशनाचं नाव घ्यायची. म्हणजे 'पुढचा थांबा', असं निनादनं सांगितलं. पण 'ना कामा' एवढंच माझ्या कानात राहिलं आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला ते जरा लागलंच. वाटेत यूर्माला नावाचं समुद्रकाठचं गाव लागतं. ते एक गाव अनेक स्टेशनं खातं. त्यातल्या दुबुल्ती स्टेशनाचं १९७७ सालचं काँक्रीटचं छप्पर समुद्राच्या लाटेसारखं उसळलेलं आहे. आमच्याकडे छप्पर असं नसतं, लाट फलाटावर असते.

आमचं स्टेशन क्येमेरी. (तिथल्या 'क'च्या खाली एक स्वल्पविराम असतो, त्यामुळे जीभ 'क्य' आणि 'च्य' यांच्यामध्ये कुठंतरी अडकते.) उतरायला दोन स्टेशनं असतानाच मी सवयीनं दाराशी जाऊन उभा राहिलो. मागून रेटणारं कुणी नव्हतं, तरी उतरलो मात्र उडी मारून. आजी दचकली.

क्येमेरीत गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. १८३८ साली तिथं पहिलं सरकारी स्नानगृह बांधलं, तेव्हापासून लोक तिथं सांधे बरे करायला येत. आपलं वज्रेश्वरीच, फक्त थंडगार. नासक्या अंड्याचा तो ओळखीचा वास आला आणि परक्या मुलखात मला जरा बरं वाटलं. तिथून दलदल तीन-साडेतीन किलोमीटर चालत. मी सह्याद्रीच्या वळणाचा. हायकिंग म्हणजे चढ, धाप आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, हा माझा समज. इथं चढ म्हणून नाही! पाईनच्या रानातून सरळ, सपाट रस्ता. रान संपलं आणि एकदम आकाश सुरू झालं.

खोटं कशाला बोलू, मी गप्प झालो. क्षितिजापर्यंत लालसर-पिवळी-हिरवी गादी पसरलेली आणि तिच्यात कोऱ्या चहाच्या रंगाची डबकी. गादी शेवाळाची. वरून वाढत जायचं आणि खालून मरत जायचं, हा त्याचा प्रपंच. मेलेला थर पाण्याखाली दबून साठत जातो, पण कुजत नाही. पाणी आंबट आणि आत हवा नाही. वर्षाला सुमारे एक मिलिमीटर अशी भर पडते. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाची वाढ अशीच होती. जमिनीत खायला काही नसल्यानं झाडंही खुरटी. माझ्या छातीला लागणारं पाईनचं झाड शंभर वर्षांचं असू शकतं, असं निनाद म्हणाला.

"शंभर वर्षांत एवढंच?" मी म्हटलं.

"जगलंय ना, बाबा." हे तो जरा जोरात म्हणाला.

दलदलीवरून फळ्यांची वाट काढली आहे. लहान फेरा १.४ किलोमीटरचा, मोठा ३.४. गुडघ्यानं लहान सांगितला, मी मोठा घेतला. वाटेत शेवाळात इवल्या लाल पानांवर चिकट थेंब चमकत होते. "दवबिंदू!" मी ओरडलो. कासच्या पठारावर याचीच भावंडं पाहिलेली. हेही किडे खातं. जमीन पोसत नाही म्हटल्यावर बिचारं काय करणार? डोंबिवलीकराला आपल्या गावचा माणूस परदेशी भेटावा तसा मी त्या रोपाशी वाकून बोललो. निनाद हसला नाही.

मोठ्या फेऱ्यावर लाकडी मनोरा आहे. वर चढलो. वारा होता. निनादनं कठडा धरला आणि दलदलीकडे बघत म्हणाला,

"बाबा, दोन विषय राहिलेत."

मला वाटलं दोन विषय बोलायचे राहिलेत. म्हटलं, "बोल की."

"तसे नाही. परीक्षेत राहिलेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा देतोय. तेव्हाही नाही सुटले तर वर्ष जाईल."

वर्ष म्हणजे किती, हे माझ्या डोक्यात तत्काळ युरोत, मग रुपयांत, मग कर्जाच्या हप्त्यांत उमटलं. बत्तीस वर्षं बँकेत काढल्याचा हा रोग. मी काही न बोलता खाली उतरलो आणि तरातरा चालू लागलो. अशा वेळी बापानं तरातरा चालायचं असतं. पण त्यासाठी पायाखाली रस्ता लागतो. दोन फळ्यांवर राग काढता येत नाही. निर्वाणीचं काहीतरी बोलावं म्हणून मागं वळलो आणि उजवा पाय फळी सोडून गुडघ्यापर्यंत लॅटव्हियात गेला.

गार! निनादनं धावत येऊन काखेत हात घातले आणि ओढलं. 'बुळुक्' असा आवाज झाला. पाय आला, बूट राहिला. त्यानं पालथं पडून खांद्यापर्यंत हात घातला, पण दलदलीनं पावतीसुद्धा दिली नाही.

फळीवर बसून मी मोजा पिळत होतो. डेन्मार्कातल्या अशाच एका दलदलीत १९५० साली दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, हनुवटीवरच्या खुंटांसकट शाबूत. माझा ठाण्याचा बूटही तसाच राहणार. कुणीतरी त्यावरून आमची संस्कृती ठरवणार. त्या विचारानं म्हणा किंवा गारठ्यानं म्हणा, आत चाळीसहून जास्त वर्षं न कुजता पडलेलं काहीतरी वर आलं.

"मी एफ. वाय. बी. एस्सी.ला बसलो होतो, ठाऊक आहे?"

"तुम्ही तर कॉमर्सवाले ना?"

"नंतर. १९८१ साली फिजिक्स आणि मॅथ्स. दोनच. तुझ्या आजोबांना सांगितलं की सायन्सला आता भवितव्य नाही. आदल्याच वर्षी आणखी सहा बँका सरकारनं घेतल्या होत्या, ते पेपरात दाखवलं. दूरदृष्टीचा मुलगा म्हणून त्यांनी चाळीत पेढे वाटले."

"त्यांना कळलंच नाही?"

"गेले तोवर नाही. दर दसऱ्याला ती दूरदृष्टी पाहुण्यांना सांगायचे. मी समोर बसून ऐकायचो."

निनाद काही बोलला नाही. मग त्यानं आपला उजवा बूट काढून माझ्यापुढं ठेवला. मला एक नंबर मोठा झाला. बापाची वहाण मुलाला येऊ लागली की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपल्याकडे म्हणतात. उलट झालं तर काय करावं, याची तरतूद नाही. तो एका मोज्यावर फळ्यांवरून आणि मग सबंध रस्ताभर चालला. मी दोनदा बूट परत करू पाहिला; त्यानं दोन्ही वेळा पुढच्या आठवड्याच्या पेपरातला काहीतरी न कळणारा भाग समजावून सांगायला सुरुवात केली.

परतीच्या गाडीत सौ.चा फोन आला. "काय पाहिलंत?"

"चिखल," मी म्हटलं. निनाद माझ्याकडे बघत होता. सांगून टाकावं झालं. "आणि हे बघ, रागावू नकोस. एक बूट राहिला आणि... दोन विषय राहिले."

पलीकडे क्षणभर शांतता.

"विषयांचं मला जुलैतच कळलंय," ती म्हणाली. "बूट कुणाचा? नवा का?"