राणीच्या बागेत रिकामा दिवस

गिरगावातली, मुगभाटातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरकडून दर महिन्याला भाडं येऊ लागलं. चाळीतले बहुतेक जण त्या पैशात डोंबिवली-विरारकडे राहायला गेले. आम्ही दोघंही निवृत्त, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरच नाही, तर भाड्याच्या खोलीत भिंती बघत कशाला बसायचं, ही कल्पना यांचीच. कपाटातलं सामान लालबागला नणंदेच्या माळ्यावर चढवलं, देव तिच्या देवघरात ठेवले आणि आम्ही फिरायला बाहेर पडलो. एखाद्या प्रांतात महिनाभर, मग मुंबईत येऊन औषधं, बँक, दातांचा डॉक्टर, पुन्हा गाडी. असं चाललं आहे.

टूरवाल्यांबरोबर आठ दिवस धावता येतं, कारण आठव्या दिवशी घर असतं. लांबच्या फिरण्यात तसं जमत नाही. चार-पाच दिवस देवळं, किल्ले, बाजार झाले की पाय संपावर जातात, आणि नवरा-बायकोत जेवायला कुठे जायचं यावरूनही वाजतं. त्यावर आम्हाला उतारा सापडला तो श्रीलंकेत, कँडीजवळच्या पेरादेनियाच्या बागेत. महावेली नदीनं तीन बाजूंनी वेढलेली, दीडशे एकरांच्या आसपासची ती बाग. सकाळी शिरलो ते दुपारपर्यंत काहीही ‘बघितलं’ नाही. बसलो, उठलो, चाललो, पुन्हा बसलो. तेव्हापासून प्रत्येक मुक्कामात एक दिवस बागेचा. कोलकात्याजवळ शिबपूरची बाग झाली. तिथल्या त्या प्रचंड वडाचं मूळ खोड बुरशी लागून 1925 मध्ये काढून टाकलं, तरी झाड नुसत्या पारंब्यांवर उभं आहे. बेंगळुरूचं लालबाग झालं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची, त्यामुळे मला पाट्या वाचायचा नाद. यांना बाक आणि शब्दकोडं पुरतं.

फेब्रुवारीत मुंबईत होतो. गुवाहाटीच्या गाडीला अजून अवकाश होता, औषधं घेऊन झाली होती. मी म्हटलं, उद्या राणीच्या बागेत जाऊ.

“वहिनी, बरोबर एकही पोर नाही आणि राणीच्या बागेत?” नणंद म्हणाली. “पेंग्विन बघायला?”

तिचं काही चुकत नव्हतं. मुंबईत राणीची बाग म्हणजे पोरांना न्यायची जागा. आपण लहानपणी जातो, मग आपल्या पोरांना नेतो, मग नातवंडांना. तिन्ही वेळा मान पिंजऱ्याच्या उंचीवर असते. वर बघायचं कुणी सांगितलेलंच नसतं. मी स्वतः वर्ग घेऊन कितीदा आले असेन. पण साठ पोरं बरोबर असताना वनस्पतिशास्त्र सुचत नाही, पोरं मोजणं सुचतं.

लालबागहून बस पुलाखालून निघाली. चिंचपोकळी मागे पडली आणि भायखळ्याला उतरलो. तिकीट पन्नास रुपये. 2017 मध्ये पेंग्विनचा कक्ष सुरू झाला आणि त्याच वर्षी पाचाचे पन्नास झाले. यांनी पाकीट काढताना पाच रुपयांची आठवण काढलीच. आत शिरल्यावर मात्र गप्प झाले. आंबेडकर रोडचा सगळा गोंगाट पन्नास पावलांत मागे राहतो, आणि उन्हाचा रंगच बदलतो.

ही बाग मुळात झाडांचीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शेती आणि बागायतीसाठी एक संस्था होती, तिची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली, आणि झाडांचं बिऱ्हाड भायखळ्याला हललं. नोव्हेंबर 1862 मध्ये गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन’ लोकांसाठी उघडलं. या उद्योगात जॉर्ज बर्डवुड नावाचे डॉक्टर पुढे होते, जन्म बेळगावचा. 1873 मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. नावात आज जिजामाता आहेत, बोलण्यात अजून राणीच आहे. प्राणी हा नंतरचा पसारा, आणि पसाऱ्याचं जे होतं तेच झालं: मूळ सामान त्याखाली दिसेनासं झालं.

पहिला बाक आम्ही पर्जन्यवृक्षाखाली धरला. यांनी पेपर उघडला. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि नुसती बसले. सकाळी फिरायला येणारे लोक घरी परतून गेले होते, सहली अजून आल्या नव्हत्या. एक बाई खराट्यानं पानं ओढत होती. खराटा, कावळे, आणि लांबून कुठल्यातरी पक्षिघरातला कलकलाट, एवढाच काय तो आवाज.

मग मी एकटीच उठले. गोरखचिंचेशी थांबले. हिचं खोड हत्तीच्या पायासारखं, तसंच राखाडी आणि सुरकुतलेलं. झाड आफ्रिकेचं, पण समुद्रावरून येऊन आपल्याकडे इतकं रुळलं की गोरखनाथांच्या नावानंच ओळखलं जातं. पुढे कैलासपती. हे दक्षिण अमेरिकेतलं, तरी शंकराच्या देवळात त्याला मान. याची फुलं शेंड्याला येत नाहीत, बुंध्यातून फुटलेल्या दोरखंडासारख्या फांद्यांना येतात. खाली एक ताजं पडलेलं होतं, उचललं. सहा जाड पाकळ्या, बाहेरून पिवळट, आतून गुलाबी-लाल. मधोमध पुंकेसरांची दाट चकती आणि एका बाजूनं तिच्यावर वाकलेला केसरांचाच फणा. त्या फण्याखाली पिंड दिसते, म्हणून हे नाव. खरं तर हा फणा मधमाश्यांना फसवतो. फुलात मध नाही; फण्यातले पराग माशीनं खायचे आणि चकतीतले पराग पाठीवर घेऊन दुसऱ्या फुलावर जायचं, अशी ही व्यवस्था. वास इतका गोड आणि जड की थोड्या वेळानं नाक बाजूला घ्यावं लागतं. आणि याचंच फळ, तोफगोळ्याएवढं, खाली पडून फुटलं की त्याची दुर्गंधी विचारू नका.

तेवढ्यात एक शाळा आली. दोन-दोनची रांग, गळ्यात ओळखपत्रं. एक मुलगी रांगेतून बाजूला सरकून माझ्या हातातल्या फुलाकडे बघत राहिली. “यात देवबाप्पा आहे ना?” मी फणा बोटानं वर करून दाखवला. तिनं नाक लावलं, दचकली, परत लावलं. मागोमाग आणखी चार डोकी आली. त्यांच्या बाई लांबून ओरडल्या, “चला, चला, पेंग्विनची रांग वाढतेय!” त्या बाईंना मी नावं ठेवणार नाही, त्यांना पोरं मोजायची होती. फूल मात्र त्या मुलीनं नेलं.

मला खरं शोधायची होती ती उर्वशी. पेरादेनियाला तिचं झाड बघितलं होतं, पण फुलांचा मोसम नव्हता. झाड मूळचं ब्रह्मदेशचं. 1827च्या सुमारास वॉलिच या वनस्पतितज्ज्ञाला ते मार्तबानजवळच्या एका मठाच्या आवारात भेटलं. तिथले लोक त्याची फुलं बुद्धमूर्तीला वाहत. गव्हर्नर-जनरल अ‍ॅम्हर्स्टच्या बायकोचं आणि मुलीचं नाव त्यानं झाडाला दिलं. याला बी क्वचित धरतं, गुटी बांधून रोपं करावी लागतात. इंग्लंडात काचघरात वाढवून पहिलं फूल यायला 1849 उजाडलं, आणि तो पहिला तुरा व्हिक्टोरिया राणीला पाठवला गेला, तिच्या नावाची ही बाग व्हायच्या आधी.

मघाच्या खराटेवाल्या बाईंना विचारलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता मानेनं दिशा दाखवली. “उर्वशी ना? तिकडं. लाल लोंबतंय बगा.”

लोंबत होतं. हातभर लांब देठावरून तुरा सरळ खाली सोडलेला, आणि त्यावर लाल फुलं विरळ, एकेक सुटी. प्रत्येक फुलाच्या वरच्या रुंद पाकळीच्या टोकाला हळदीसारखा पिवळा ठिपका. पण माझं लक्ष फुलांपेक्षा पानांनी ओढलं. नवी पालवी फांदीच्या टोकाला तांबूस-जांभळी, संपूर्ण गळून लटकत होती, पिळून वाळत घातलेल्या ओढणीगत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल झाड वाळलं. मी दोन बोटांत पान धरलं: थंडगार, मऊ, आत ताठपणा म्हणून काही नाही. सीता अशोकाची पालवीही अशीच येते. दोघं एकाच कुळातली. पान आधी पूर्ण लांबीला येतं, हिरवं आणि ताठ मागाहून होतं. कोवळेपणी लटकत राहिलं की उन्हाचा मारा अंगावर सरळ येत नाही, आणि तो तांबूस रंगही उन्हापासून आडोसा करतो, असं मानतात. शाळेत हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. हातात पान तेव्हा नव्हतं, आणि झाड शाळेपासून बसनं वीस मिनिटांवर होतं.

किती वेळ तिथे उभी होते ठाऊक नाही. हे शोधत आले. “मिळाली का तुझी बर्मावाली?” म्हणाले, आणि वर बघून, “बरी आहे.” यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

या झाडांची मोजदाद करून ती लोकांसमोर मांडणारी काही मुंबईकर माणसं आहेत, त्यात बायका पुढे. 2007च्या सुमारास बागेचं रूप पालटून आंतरराष्ट्रीय प्राणिसंग्रहालय करायची कोट्यवधींची योजना आली, तेव्हा त्यांनी ‘सेव्ह राणी बाग’ म्हणून चळवळ उभी केली. तीन हजारांहून अधिक झाडं आणि 280च्या वर जाती, असा हिशेबच त्यांनी पुढे ठेवला. मूळ योजना तशीच उतरली नाही. नवे कक्ष झाले, काँक्रीटही झालं, पण बाग राहिली. पेंग्विनवर माझा राग नाही. थंड समुद्राकाठच्या पाहुण्याला काचेआड गारवा देऊन ठेवला आहे आणि पोरं खूश आहेत. फक्त त्या कक्षाबाहेर जेवढी मोठी पाटी आहे, तिच्या चौथाईएवढी उर्वशीला असती तर बरं झालं असतं.

जेवण बाहेर भायखळ्यातच उरकून दुपारी आम्ही परत दुसऱ्या बाजूच्या बाकावर. हे चक्क झोपले. उठल्यावर त्यांना त्यांचा घोडा बघायचा होता. फोर्टातल्या चौकातला राजा एडवर्डचा पुतळा, ज्याच्यामुळे त्या भागाला काळा घोडा म्हणतात, 1965 मध्ये तिथून हलवून या बागेत आणून ठेवला. हे तेव्हा दुसरीत-तिसरीत. वडिलांनी रविवारी मुद्दाम आणून दाखवला होता म्हणे, आणि यांना राजाशी देणंघेणं नव्हतं, घोड्याचा उचललेला पाय कधी खाली येतो याची वाट बघत बसले होते. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलला तर तुकडे झाले, ते या बागेत येऊन पडले, आणि 1914 मध्ये परत जोडले. सांधे नीट बघितले तर दिसतात. संग्रहालयात आम्ही शिरलो नाही. रिकाम्या दिवशी दोन कामं करायची नाहीत, हा आमचा नियम.

संध्याकाळी चालतच लालबागला निघालो. चिवडा गल्लीत गुवाहाटीच्या प्रवासासाठी पोह्यांचा आणि मक्याचा असा दोन प्रकारचा चिवडा घेतला. यांनी तिखटाचा जास्त मागितला, मी कमी करायला लावला.

कुणाला जायचं असेल तर आठवड्यातल्या साध्या दिवशी, उघडल्या उघडल्या जा. उर्वशीसाठी उन्हाळा तापायच्या आधी. पाट्या सगळ्या झाडांना नाहीत, तेव्हा झाडाचं नाव खराटा मारणाऱ्यांना विचारा. आणि बुधवारी जाऊ नका, बुधवारी बाग बंद असते.