श्रोत्याची शिदोरी

जे नाटक डोळ्यांनी पाहावयाचे नसून केवळ कानांनी ऐकावयाचे असते, त्यास आपण श्रुतिका अथवा नभोनाट्य म्हणतो. त्यात रंगभूमी नसते, पडदे नसतात, पात्रांस वेषही नसतो. ही सर्व सामग्री श्रोत्याने आपल्या पदरची पुरवावयाची असते. ज्याची शिदोरी भरलेली, त्यास नाटक भरदार. ज्याची रिकामी, त्यास तेच नाटक म्हणजे नुसता गलबला. गेल्या वर्षी वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस आम्ही एक जुनी इंग्रजी श्रुतिका ऐकविली, तेव्हा या गोष्टीचा आम्हांस चांगलाच प्रत्यय आला.

ही श्रुतिका अमेरिकेत 30 ऑक्टोबर 1938 रोजी, रविवारी रात्री, ध्वनिक्षेपित झाली. मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर स्वारी केल्याचे कथानक एच. जी. वेल्स यांच्या 1898 सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतून घेतलेले होते. सूत्रधार ऑर्सन वेल्स अवघ्या 23 वर्षांचे होते. मूळ कथा इंग्लंडात घडते. श्रुतिकेत मंगळवासी न्यू जर्सी प्रांतातील ग्रोव्हर्स मिल या लहानशा खेड्यात उतरतात. आरंभी एका हॉटेलातील वाद्यवृंद वाजत असतो. मध्येच तो थांबवून वार्ता दिली जाते, पुन्हा वाद्ये, पुन्हा वार्ता.

आमची मुले चुळबुळ करू लागली. “सर, गाणे सारखे मध्येच का तोडतात?” असा प्रश्न आला. तेव्हा आम्ही यंत्र थांबवून थोडी हकिकत सांगितली. त्या नाटकापूर्वी जेमतेम एक महिना युरोपात म्युनिकचा पेच उद्भवला होता; युद्ध भडकते की टळते या चिंतेत असलेल्या अमेरिकन श्रोत्यांस, चालू कार्यक्रम तोडून दिलेल्या वार्ता ऐकण्याची सवय जडली होती. त्याच्या आदल्या वर्षी, 6 मे 1937 रोजी, न्यू जर्सीतच हिंडेनबुर्ग हे प्रचंड हवाई जहाज पेटून कोसळले, आणि ते पाहणाऱ्या निवेदकाचा गहिवरलेला आवाज ध्वनिमुद्रित झाला. श्रुतिकेत वार्ताहराचे काम करणाऱ्या नटाने तेच ध्वनिमुद्रण ऐकून आपला आवाज बेतला होता. अंतर्गत खात्याच्या मंत्र्याचे भाषण येते, त्याची ढब अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासारखी. इतके सांगून आम्ही श्रुतिका पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

एक गंमतही सांगितली पाहिजे. त्या रात्री बहुसंख्य श्रोते दुसऱ्याच केंद्रावर शब्दभ्रमाचा कार्यक्रम ऐकत होते. ज्या खेळातील सारे कौशल्य ओठ न हलविण्यात, तो खेळ ओठ दिसतच नाहीत अशा नभोवाणीवर लोकप्रिय व्हावा, याचे मुलांना फार हसू आले.

त्या रात्री सारे राष्ट्र भयभीत होऊन रस्त्यावर आले, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. त्यात अतिशयोक्ती बरीच होती, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. तथापि काही लोक खरोखर घाबरले. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने 1940 साली त्यांच्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांनी दुसरे केंद्र लावून पाहिले, अथवा नाटकातीलच विसंगती हेरली, ते निर्धास्त राहिले, असे त्यात दिसते. आमच्या एका विद्यार्थ्यानेही अशीच एक विसंगती पकडली. वार्ताहर म्हणतो की आम्ही अकरा मैल दहा मिनिटांत आलो. “म्हणजे ताशी सहासष्ट मैल, सर! 1938 साली, गावाच्या रस्त्याने आणि रात्रीच्या वेळी?” आम्हांस मनापासून आनंद झाला. पुढे 1949 च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेतील कीटो शहरी हेच नाटक स्थानिक नावे घालून ध्वनिक्षेपित झाले. फसविले गेल्याचे कळताच संतप्त जमावाने नभोवाणी केंद्राची इमारत पेटविली, आणि त्यात काहींचे प्राण गेले.

या नाटकातील संदर्भ परक्यांचे म्हणून मुलांस अपरिचित असतील. परंतु आपले तरी त्यांस ठाऊक आहेत काय? हे पाहण्यासाठी आम्ही डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा निरनिराळ्या आवाजांत वाटून वर्गात वाचविली. डॉ. नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, आणि तोही 1938 सालचाच. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या स्पर्धेस त्यांनी आपली ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली. आपल्याच नावाची आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव बनविले होते. 20 मे 2025 रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. या कथेत गंगाधरपंत अशा मुंबईत जाऊन पोहोचतात की जेथील इतिहासात पानिपतावर मराठे विजयी झालेले आहेत. विश्वासरावांस लागावयाची गोळी कानाजवळून निघून गेली, एवढाच काय तो फरक.

“विश्वासराव कोण?” असे दोघातिघांनी विचारले. दुसरे दिवशी त्यांपैकी एक मुलगी आजीकडून उत्तर घेऊन आली. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही म्हण आजीच्या तोंडी नित्य होती. मात्र म्हणीतील विश्वास हा नानासाहेब पेशव्यांचा तरुण पुत्र, हे नातीस त्या दिवशी प्रथम कळले. ‘संक्रांत कोसळणे’ या वाक्प्रचाराविषयीही असेच झाले. सोलापूरच्या मुलास संक्रांत म्हणजे श्रीसिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्यावरील पाळणे! ज्या तारखेस आपल्याकडे बहुधा संक्रांत येते, त्याच 14 जानेवारीस, 1761 साली, पानिपतावर घराघरांतील माणसे पडली, हे ऐकून वर्ग गंभीर झाला.

एका पालकांनी आम्हांस विचारले, “हे परीक्षेत येणार आहे काय?” प्रश्न रास्त आहे, कष्टाने फी भरणाऱ्या पित्याने तो का विचारू नये? त्यांस आम्ही मंगळावरची नव्हे, तर मंगळवेढ्याची गोष्ट सांगितली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांस ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे असून त्यांतील बहुतेक आमच्याच जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे होते. मुले पळविणाऱ्यांच्या या वार्ता त्या काळी भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरल्या होत्या. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे ही या समाजाची जुनी रीत आहे, हे जमावातील चार जणांनी जरी ओळखून ठासून सांगितले असते, तर कदाचित पाच घरे उघडी पडली नसती. ते पालक काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “सर, पुढच्या वेळी मीही ऐकावयास येईन.”

विद्यार्थीमित्रहो, ज्यास आपण फुटकळ माहिती म्हणून हसतो, तिच्यात दोन गुण आहेत. ती खऱ्या कलेचा आस्वाद वाढविते आणि खोट्या वार्तेचा डाव ओळखते. ती एका दिवसात साठत नाही. आजीच्या म्हणीतून, वडिलांच्या आठवणीतून, ग्रंथालयातील पुस्तकांतून दाणा दाणा वेचावी लागते. तेव्हा न समजलेला शब्द तसाच पुढे जाऊ देऊ नका, विचारा. आणि पालकहो, मुलाने विचारले असता, कितीही दमलेले असाल तरी, घटकाभर थांबून सांगा.