ओढत नाही

धाकट्या भावाचा ट्रक जेमतेम सात महिन्यांचा. चिपळूणहून भरल्या मालानिशी निघाला, की कुंभार्ली घाटात त्याचा वेग पायी चालणाऱ्याइतका होतो. भाऊ म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ बैलांच्या काळातले हे क्रियापद इंजिनालाही नेमके लागू पडते. जॉबकार्डावर मात्र चारही खेपांना एकच वाक्य उमटले : ‘तक्रार आढळली नाही.’ (रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवल्यावर ती आढळणार तरी कशी?)

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांमध्ये धुरातील नायट्रोजन ऑक्साइड घटविण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारले जाते. त्या यंत्रणेत बिघाड जाणवला, की संगणकच इंजिनाची ताकद आवळतो. दोष दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो.

आता वाद शब्दांवर आला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने खरेदी करणाऱ्यास ग्राहक मानत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला मात्र वगळत नाही. विक्रेत्याच्या उत्तरात भाऊ ‘व्यापारी’ आहे. हा व्यापारी रात्रभर स्वतःच स्टिअरिंगवर असतो. सध्या ट्रक वर्कशॉपच्या आवारात उभा आहे. हप्ता पाच तारखेला जातो.