सासूबाईंचं हायड्रेंजिया

पाचगणीत आमच्या घरामागे सासूबाईंनी लावलेलं हायड्रेंजियाचं जुनं झुडूप होतं. शेजारची भिंत नव्याने बांधून तिला चुना काढला आणि पुढच्या पावसाळ्यांत त्याचे निळे गुच्छ गुलाबी होत गेले. निळा रंग इथल्या जांभ्याच्या आम्ल मातीचा. सामू साडेपाचच्या खाली असला की झाडाला मातीतलं अ‍ॅल्युमिनियम मिळतं. चुना-सिमेंटाने तो साडेसहाच्या वर गेला की मिळत नाही. रंगाचं मला फारसं नव्हतं, गुलाबीही देखणाच. पण पश्चिमेच्या उन्हाने भिंत तापायची आणि उन्हाळ्यात झुडूप रोज मान टाकायचं. ते पूर्वेला हलवायचं ठरवलं, तिथे सकाळचंच ऊन असतं.

मुहूर्त थंडीतला. तेव्हा झाडाची वाढ थांबलेली असते. माळीमामा म्हणाले, "वहिनी, निम्मं छाटून घेऊ, ओझं कमी होईल."

"नको मामा, शेंड्यांना हात लावायचा नाही."

काड्यांच्या टोकाला जाडसर, जोडीजोडीने बसलेले डोळे त्यांना दाखवले. पुढची फुलं त्यांतच असतात. वाळक्या काड्या तेवढ्या बुडातून काढल्या.

आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी दिलं होतं, त्यामुळे माती सुटली नाही. या झाडाची मुळं खोल जात नाहीत, केसांसारखी बारीक होऊन आडवी पसरतात. म्हणून खोल खणण्यापेक्षा लांबून, गोल खणलं. मामांनी पहारीने मुळांसकट मातीची हुंडी उचलली, मी खालून गोणपाट सारलं आणि दोघांनी ते ओढत नेलं. नवा खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच. बुंधा पहिल्यापेक्षा खोल गाडला तर कुजतो. कुजलेला पालापाचोळा आणि जुनं शेणखत मिसळलेली माती भरली, पाय देऊन दाबली नाही, पाण्यानेच बसू दिली. वर पाचोळ्याचं जाड आच्छादन.

नंतर दुपारी पानं लोंबली की घरातलं कुणीतरी बादली घेऊन धावायचं. मी अडवायचे. दुपारी लोंबलेली पानं संध्याकाळी आपोआप सावरत असतील तर मुळांना पाणी पुरतंय. सकाळीही ती मरगळलेली दिसली तरच आळं भरायचं. अति पाण्याने नवी मुळं कुजतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या पावसाळ्यात गुच्छ थोडे आले, लहान आले, रंग जांभळट. हुंडीबरोबर भिंतीजवळची माती आलीच होती. फुलं न आलेल्या फांद्यांची छाटकलमं मी तेव्हाच वाळूत लावली. त्यांतलं एक आता नणंदेच्या कुंडीत आहे.