शहापूरचा रस्ता आणि पवनीची टेकडी

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघाले की मौदा मागे पडते आणि थोड्या वेळाने आमचे शहापूर लागते. राष्ट्रीय महामार्ग गावाला अगदी लागून जातो. पूर्वी त्याचा नंबर ६ होता, आता ५३ झाला आहे. पण टपरीवर बसलेली जुनी माणसे अजून 'सहा नंबर'च म्हणतात. हा रस्ता पश्चिमेला सुरतेकडून येतो आणि पुढे रायपूरकडे जातो. रात्रंदिवस ट्रक धावतात. जवळच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. आम्हा शहापूरकरांना रस्ता म्हणजे ड्युटी, दवाखाना, भंडाऱ्याचा बाजार, आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी. रस्ता 'पाहायला' म्हणून घरातून कोणी निघाल्याचे मी तरी ऐकले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात मात्र तसे घडले. माझी मुलगी नववीला आहे. शाळेत तिला 'जगातील सुंदर रस्ते' या विषयावर वही करायला सांगितली होती. संध्याकाळी तिने कापून आणलेली चित्रे जमिनीवर पसरली. नॉर्वेतल्या ट्रोलस्टिगेनचा रस्ता, धबधब्याच्या बाजूने अकरा वळणे घेत डोंगर चढणारा, १९३६ साली खुला झालेला. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ग्रेट ओशन रोड, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला समुद्र. चीनच्या हेनान प्रांतातला गुओलियांगचा बोगदा, उभ्या कड्याच्या पोटातून कोरलेला. मुलगी एकेक चित्र दाखवीत होती, आम्ही 'वा वा' म्हणत होतो. पंच्याहत्तरी ओलांडलेली माझी माय चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "इतक्या वर गिट्टी कोनं नेली असन बापा?"

आम्ही हसलो. पण प्रश्न खरा होता. मायने तरुणपणी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडली आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यात ठिकठिकाणी अशी कामे निघाली, पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तिचे माहेर अड्याळकडचे, त्या भागातल्या रस्त्यावर तिने दोन उन्हाळे काढले. हातोडीने उडालेल्या कपरीची खूण अजून तिच्या भुवईवर आहे. सुंदर रस्ता म्हटल्यावर पर्यटकाला दरी दिसते. तिला गिट्टी दिसली.

मग मी मुलीला म्हटले, आजीच्या प्रश्नाचे उत्तरही वहीत घे. उत्तर शोधायला दोघे बसलो. ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३००० सैनिकांनी बांधला. काम १९१९ ला सुरू झाले, १९३२ ला रस्ता पुरा झाला. बरेचसे काम कुदळ-फावड्याने, हातांनीच झाले. युद्धात मेलेल्या सोबत्यांचे ते स्मारक मानले जाते. गुओलियांगची हकीगत तर आमच्या मायच्याच वर्षांतली. त्या खेड्याला खाली उतरायला कड्यातल्या पायऱ्यांशिवाय वाट नव्हती. गावकऱ्यांनी स्वतःच छिन्नी-हातोडा घेतला, १९७२ ते १९७७ खपून सव्वा किलोमीटरचा बोगदा खोदला, आणि उजेडासाठी व दगड बाहेर फेकण्यासाठी कड्याला खिडक्या पाडल्या. त्या खिडक्यांतून दिसणारी दरी पाहायला आता दूरदूरचे लोक येतात. मायला हे वाचून दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मजुरी भेटली का त्यायले?"

पाकिस्तानातून चीनकडे जाणाऱ्या काराकोरम महामार्गाची माहिती वाचताना मात्र मीच थांबलो. जवळजवळ १३०० किलोमीटरचा हा रस्ता खुंजेराब खिंडीत ४६९३ मीटर उंचीवर जातो. तो बांधताना शेकडो कामगारांनी जीव गमावला. आणि त्याच रस्त्यालगत, सिंधू नदीच्या काठी, चिलासजवळच्या काळ्या खडकांवर स्तूप कोरलेले आहेत, बोधिसत्त्व कोरलेले आहेत, खरोष्ठी आणि ब्राह्मी अक्षरे आहेत. गिलगिटजवळ कारगाह येथे कड्यावर उभे तथागत आहेत. म्हणजे आज ज्याला जगातला थरारक रस्ता म्हणतात, त्या खोऱ्यातून आपले भिक्खू आणि व्यापारी शेकडो वर्षे पायी ये-जा करीत होते. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी भिक्खू सिंधूचे असेच भयंकर कडे ओलांडून भारतात आला. आपल्याकडेही श्रीनगरहून लेहला जाताना कारगिलच्या पुढे मुलबेख येथे रस्त्याला लागूनच मैत्रेय बुद्धांची प्रचंड मूर्ती खडकात कोरलेली आहे.

मुलीने विचारले, "बाबा, आपल्याकडचा असा रस्ता कोणता?" मी म्हणालो, पवनीचा.

बोलून गेलो, पण मी स्वतः पवनीला फक्त लग्नकार्याला गेलो होतो. टेकडी लांबून पाहिली होती. आपल्या लोकांना हिंडणे-पाहणे ही चैन वाटते, आणि त्याला कारण आहे. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यात १९३४ सालची एक सहल आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना घेऊन ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ होती म्हणून काही जणांनी दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर पाणी बाटवले म्हणून जमाव शिव्या देत धावून आला. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो शिपाई सोबत घेऊन; पाण्याला हात लागू नये म्हणून तो शिपाई! परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टराची ही सहल. त्याच लिखाणात लहानपणचा मसूर स्टेशनापासूनचा बैलगाडीचा प्रवासही आहे, रात्रभर पाण्यावाचून केलेला. ज्यांना रस्त्यावर पाणी मिळत नव्हते त्यांनी डोंगराची शोभा कशी पाहावी?

म्हणून ठरवले, एका रविवारी सगळ्यांनी पवनीला जायचे. एस.टी.ने. मायला तिकीट नाही, बायकोला आणि मुलीला अर्धे. पुरे तिकीट फक्त मला. बायकोने भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधून घेतली.

भंडाऱ्याला गाडी बदलली. हे शहर आले की मायला एक आठवण येतेच. १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून ते आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. त्या उन्हाळ्यात आपल्या बापाने बाबासाहेबांना पाहिले होते, असे माय सांगते. हरल्याचे सांगताना तिचा आवाज आजही उतरतो, जणू मतमोजणी कालच झाली.

वैनगंगेचा पूल लागला आणि मुलगी खिडकीशी सरकली. पात्र दुथडी भरलेले. पुढे कारध्याहून गाडी पवनीच्या वाटेला वळली आणि मग दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू झाल्या. रोवणी होऊन महिना झाला होता. पाण्यात उभे हिरवे धान, मधून धुऱ्यावरची पळसाची झाडे, लांब एखादा जुना तलाव, त्यात कमळे आणि काठावर बगळे. नॉर्वेतला धबधबा यात नाही. पण या हिरव्या रंगासारखा हिरवा मी त्या चित्रांत पाहिला नव्हता, हे मी पक्षपात सोडून सांगतो.

याच भागात गोसीखुर्दचे धरण आहे. पायाचा दगड २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी ठेवला. अडवलेले पाणी समुद्रासारखे पसरले आहे, सूर्यास्ताचे फोटो काढायला पोरे येतात. आमच्या नात्यातल्या एका घराचे गाव त्या पाण्याखाली आहे. त्यांच्यासोबत मी एकदा तिथे उभा होतो. त्यांनी बोट करून आपले घर दाखवले, आणि तिकडे फक्त पाणी होते. शिवाय नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येऊन याच पाण्यात मिळते. चित्र काढणाऱ्याने तेही ध्यानात ठेवावे.

अड्याळ आले तशी माय उठून बसली. "या मोडीवर आमचा तंबू होता," ती म्हणाली. आता तिथे डांबर, दुकाने आणि मोबाईलचा टॉवर. तिने चपलेने गाडीचा तळ हळूच ठोकला, जणू खालची गिट्टी चाचपून पाहत होती.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने नगर. मातीचा तट, खंदक आणि वेशीचा दरवाजा अजून आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीच्या पोटातून प्रचंड स्तूप निघाला, व्यासाने सांचीच्या तोडीचा. कठड्याचे कोरीव खांब निघाले, दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली. एका खांबावर मुचलिंद नाग आहे, त्याचे नावही कोरलेले. बोधी प्राप्त झाल्यावर सात दिवस पाऊस कोसळला तेव्हा तथागतांवर फणा धरणारा तो हा नागराजा. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी धम्म पसरवला असे सांगितले होते. त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी आपल्या जिल्ह्याच्या मातीतून नागाचे नाव कोरलेला खांब वर आला!

आम्ही टेकडीवर गेलो. मुलीने विटांची रांग पावलांनी मोजली आणि वहीत लिहिली. मायने त्रिशरण-पंचशील म्हटले, आम्ही मागून म्हटले. मग ती सावलीत बसली. मी विचारले, "माय, तू दोन उन्हाळे इथून जवळच होतीस. कधी आली नाहीस?"

"आली होती ना," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी इथंच बसून भाकर खाल्ली होती. खाली काय हाये ते कोनं सांगतलंच नाही."

मुलीने वहीतले नॉर्वेचे पान उलटले आणि पुढच्या कोऱ्या पानावर वर लिहिले, 'शहापूर ते पवनी'. खाली रस्ता काढायला घेतला. आजीने जवळ सरकून तिला अड्याळचे वळण कुठे येते ते बोटाने दाखवले. साडेचारची गाडी होती, म्हणून भाकरीचे फडके आवरून आम्ही उतरायला लागलो.